रात्रभर ठेवायची नसते ती पाटी

रेकॉर्ड कर खुशाल, फोन ठेव की तिथं टेबलावर, आवाज येतोय सगळा. माझं माहेर मिरजेचं. वडील रेल्वेत होते, पॉइंट्समन, जंक्शनच्या मागच्या क्वार्टर्समध्ये आम्ही तिघी बहिणी वाढलो, आणि त्या ओळीत एक कानडी घर, एक तेलुगू, दोन मुसलमानांची, एक गोव्याकडचं ख्रिश्चन, असं सगळं होतं, त्यामुळं शेजारी आपल्यासारखा नसतो ही गोष्ट मला कधी कुणी शिकवावी लागली नाही. हे आधी सांगून ठेवते, पुढं लागणार आहे.

माझी मोठी बहीण, अक्का, लग्न होऊन इकडं न्युरेम्बर्गला आली. दाजी इंजिनिअर, मोठ्या कंपनीत. अक्काच्या बाळंतपणाला आईला यायचं होतं, पण आईचे गुडघे, मग मला पाठवलं, सहा महिन्यांसाठी जा म्हणाले. सहा महिने! तीस वर्षं होतील आता. काय सांगू तुला, बाळ चालायला लागलं आणि मी जर्मन बोलायला लागले, साधारण एकाच सुमारास. अक्काच्या शेजारीण बाई म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचं शिक्षण घे, आउसबिल्डुंग, तीन वर्षांचं, शिकता शिकता पगार, माणसं हवीच आहेत. मी घेतलं. दाजी म्हणाले, सुमन, तिकडं म्हाताऱ्यांची अंगं पुसायची असतात, माहीत आहे ना? म्हटलं, आजीची पुसलीत, अजून पुशीन. त्यात काय.

तिथंच मिश भेटला. नाव मिशाएल, पण घरात सगळे मिश म्हणतात, आणि मिशी नाही, हे आईला मी फोनवर आधीच सांगितलं होतं. वृद्धाश्रमात पलंगाच्या मोटारी दुरुस्त करायला यायचा. आई म्हणाली, जर्मन का गं? म्हटलं, जर्मन आहे, पण इथला नाही, रोमानियातला. मग रोमानियन म्हण की. नाही गं, तसंही नाही. आई म्हणाली, तू आधी नीट विचारून घे तो कोण आहे ते.

तर तो कोण आहे ते सांगते. रोमानियात डोंगरांच्या आतल्या बाजूला एक मुलूख आहे, ट्रान्सिल्व्हेनिया, तिथं आठशे वर्षांपूर्वी जर्मन लोक जाऊन राहिले. झाक्सन म्हणतात त्यांना. आठशे वर्षं तिथंच, आपली भाषा, आपली चर्चं, चर्चभोवती किल्ल्यासारखी भिंत. शेजारच्या गल्लीत हंगेरियन, पलीकडं रोमानियन, ओढ्याकाठी रोमा, ज्यांना जिप्सी म्हणायचे ते. सासूबाईंच्या गावाला तीन भाषांत तीन नावं होती आणि तिन्ही नावांनी पत्र पोचायचं. युद्धानंतर कम्युनिस्ट आले, जमिनी गेल्या, घरं गेली, सासूबाईंच्या आईला रशियात खाणीत काम करायला नेलं ती पाच वर्षांनी परत आली. तरी माणसं राहिली. आणि मग राजवट पडली, सीमा उघडली, आणि जे आठशे वर्षांत झालं नव्हतं ते एका उन्हाळ्यात झालं. सगळे निघाले. सासूबाई सांगायच्या, जूनमध्ये आमच्या गल्लीत बावीस घरांतनं धूर निघत होता, ऑक्टोबरात तीन. जेवताना खिडकीतनं रोज एक ट्रक जायचा. पोरांना वाटायचं जत्रा आहे.

आल्झो, तर हे सगळे इथं आले, आणि त्यातले बरेच आपल्या या वसाहतीत, कारण पहिल्या दोघांनी इथं घर घेतलं मग मागच्यांनी पण इथंच. या जिन्यावर तेव्हा दहापैकी सात घरं झाक्सन होती. तू राहतेस ना वर, तिथं शाळामास्तर राहायचे.

आणि येताना त्यांनी ती पाटी आणली. बघितलीस ना तू परवा? त्यांच्या गावात प्रत्येक गल्लीची एक संघटना असायची, नाखबारशाफ्ट, म्हणजे शेजारपण म्हण. कुणाच्या घरी मयत झाली की खड्डा शेजाऱ्यांनी खणायचा, पेटी शेजाऱ्यांनी उचलायची, सहा जणांनी, घरच्यांनी हात लावायचा नाही, घरच्यांनी फक्त रडायचं. आणि निरोप पोचवायला ही लाकडाची पाटी. खाचेत चिठ्ठी खोवायची आणि पाटी एका दारातनं पुढच्या दारात, दाराच्या क्रमानं. मिळाली की वाचायची, आणि लगेच पुढं द्यायची. रात्रभर घरात ठेवायची नाही, हा मोठा नियम. फोन आले तरी मरणाची बातमी फोनवर द्यायची नाही, पाटीनंच.

आता माझी चूक ऐक.

लग्नाला चार महिने झाले होते. सासूबाई माझ्याशी नीटच वागायच्या, पण अंतर ठेवून. त्यांच्यात सुद्धा आईवडिलांशी अहो-जाहोनं बोलतात, इथल्या जर्मनांसारखं अरे-तुरे नाही, ते मला आवडलं होतं, मी आपली आपसूक अहो म्हणत होते आणि त्या म्हणायच्या, ही इंडियाची पोरगी इथल्या बायर्नच्या सुनांपेक्षा वळणाची आहे. त्या पाच दिवसांसाठी बहिणीकडं गेल्या होत्या. मिश कामावर बाहेरगावी. दुपारी बेल वाजली, खालच्या मजल्यावरच्या टिली बाई, काळे कपडे, काही बोलल्या नाहीत, पाटी माझ्या दोन्ही हातांत दिली, मान लववली आणि गेल्या. मी पाटी आधी एकदाच बघितली होती. सासूबाईंनी हात धुऊन, पुसून, मग तिला हात लावला होता, आणि टेबलावर भरतकामाचं पांढरं फडकं घालून त्यावर ठेवली होती. आणि आकार बघ तिचा, हृदय म्हणतात हे लोक, मला ते पिंपळाचं पान दिसलं. चिठ्ठीवरचं अक्षर जुन्या वळणाचं, मला एक शब्द लागेना. म्हटलं काहीतरी यांच्यातलं देवाचं आहे, विश्वासानं आपल्याकडं दिलंय, सासूबाई येईपर्यंत नीट सांभाळायला हवं.

मी देवघरात ठेवली. हळदकुंकू वाहिलं. पाच दिवस रोज सकाळी फूल. बाल्कनीतलं जिरेनियम तोडून.

सासूबाई आल्या. कोट काढला, चिठ्ठी वाचली. योहान म्हणून त्यांच्या गल्लीतले म्हातारे, इथं पलीकडच्या इमारतीत राहायचे, ते गेले होते, आणि पुरायचं होतं आदल्या दिवशी सकाळी. आमच्यानंतरची चार घरं, कुणालाच कळलं नाही. पेटी उचलायला सहाच्या जागी चौघं. त्यांची बायको, रोझी बाई, कबरस्तानाच्या फाटकाशी उभी राहून लोक मोजत होती म्हणे, आणि येतील अजून, येतील अजून, असं पाद्र्याला सांगत होती.

सासूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओलं फडकं घेतलं आणि पाटी पुसत बसल्या. कुंकू निघालं. हळद लाकडाच्या रेषांत गेली ती निघाली नाही. मग म्हणाल्या, गावात आम्हाला उचलायला माणसं होती. सगळं सोडून आलो, एवढं एक बरोबर आणलं. आता तेही गेलं तर मला कोण उचलणार?

बघ, एवढंच विचारलं. आणि मग तीन महिने माझ्याशी कामापुरतं. मीठ दे. दार लाव. मिश म्हणायचा, जाऊ दे, होईल ठीक. पुरुषांना काय, होईल ठीक. मला मात्र त्यांचा तो प्रश्न घरात चालताना पायात यायचा. मी दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना उचलत होते, पलंगावरनं खुर्चीत, खुर्चीतनं पलंगावर, आणि घरच्या म्हातारीला खात्री नव्हती की आपल्याला कोण उचलेल.

त्यांच्यात फेब्रुवारीच्या सुमाराला वर्षाची बैठक असते. हॉलमध्ये सगळे जमतात, आणि जेवायच्या आधी, ज्यांचं ज्यांचं भांडण आहे त्यांनी उभं राहून मिटवायचं. मिटल्याशिवाय कुणालाच जेवायला मिळत नाही, सगळे उपाशी बसतात, त्यामुळं मिटतं. ही रीत मला फार आवडते, आमच्या मिरजेच्या क्वार्टर्समध्ये असती तर निम्मे तंटे वाचले असते. मी उभी राहिले. म्हटलं, रोझी बाई, माझ्यामुळं झालं, मला माफ करा. म्हातारी म्हणाली, पोरी, ते पाच दिवस तू त्या पाटीचं काय करत होतीस? मी खरं सांगितलं. रोज सकाळी ताजं फूल घालत होते. मग म्हातारी सगळ्यांकडं बघून म्हणाली, म्हणजे माझ्या योहानला पाच दिवस रोज ताजं फूल मिळालं. तुमच्यातल्या कुणी आणलं होतं का?

मग कुणीतरी हसलं, मग सगळेच. पाटी रात्रभर ठेवली की दंड असतो, एक सुरई वाइन. मी म्हटलं, आमच्या घरात वाइन नसते. तेव्हाचे प्रमुख म्हणाले, मग तुमच्यात काय असतं ते आण. मी शंकरपाळ्या नेल्या, मोठा डबा भरून. त्या दिवसांत हे लोक पण तळणीचं खातात, त्यांना ओळखीचं वाटलं. तेव्हापासून दर वर्षी नेते. म्हणतात, पाच रात्रींचा दंड आहे, इतक्यात कसा फिटेल.

लीना झाली, सासूबाई ओमा झाल्या, म्हणजे आजी, मग मी पण त्यांना ओमाच म्हणायला लागले. पोरगी मराठीत सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, तुला माहीतच आहे, आणि ओमाशी झाक्सनमध्ये, जी मला अजून धड येत नाही. असं आमचं घर.

पण वर्षं गेली तशी वसाहत बदलली. म्हातारे गेले, पोरं म्युनिकला, स्टुटगार्टला. घरं रिकामी झाली आणि वेगळी माणसं आली. युरोपची दारं रोमानियाला उघडली तसे खरेखुरे रोमानियन आले. आमच्या खालीच, टिली बाईंच्या घरात, डोरू आणि आंका. तो टाइल्स बसवतो, ती हॉटेलात काम करते. ओमा इतक्या चिडल्या. म्हणाल्या, त्यांच्यातनं आम्ही उठून आलो आणि हे बघा, मागोमाग आले. पाटी त्यांच्या दाराला वळसा घालून जायची. दारानं जाणारी पाटी, आणि ती दार सोडून जायची! मग सीरियाचा बासिल आला, त्याचंही दार सोडलं. पुण्याचा अनिकेत आला आयटीवाला, त्याचंही. पाटी सातावरून चार दारांवर आली, मग तीन. ओमा बोटं मोजायच्या. सहा हवेत. सहा कुठून आणू?

तेव्हा मिशनं ठरवलं, आईला एकदा गाव दाखवून आणू. गेलो. अख्खा दिवस गाडीत. गाव काय सुंदर गं, खांबावर करकोच्यांची घरटी, रस्त्यावर बदकं. ओमांच्या घरात रोमा बाई राहत होती, फ्लोरिका, चार नातवंडं, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, मला तर मिरज जवळचं वाटलं. ओमा फाटकाशीच थांबल्या. आत जाईनात. फ्लोरिकानं ओळखलं, म्हणाली, तुम्ही काटी ना? अक्रोडाच्या झाडाला तुमच्या मुलाच्या उंचीच्या खुणा आहेत, मी पुसू दिल्या नाहीत कुणाला. मग ती आम्हाला चर्चमध्ये घेऊन गेली, किल्ली तिच्याकडंच. दुपारी बाराची घंटा पण तीच वाजवते. ओमांनी विचारलं, तुझं तर हे चर्च नाही, मग? तर ती म्हणाली, वाजवायला कुणी नाही म्हणून वाजवते, घंटा ऐकल्याशिवाय माझा स्वयंपाक होत नाही.

ओमांनी मार्टिनबद्दल विचारलं. मार्टिन म्हणजे गावातला शेवटचा झाक्सन, तो आलाच नव्हता, म्हणाला होता तुम्ही जा, गाईंचं कोण बघणार. तो दोन वर्षांपूर्वी गेला होता. ओमा एकदम म्हणाल्या, कुणी उचललं त्याला? आणि फ्लोरिका बोटं मोजून सांगायला लागली. माझे दोन मुलगे. रोमानियन पोस्टमास्तर. हंगेरियन सुतार, ज्यानं पेटी केली तो. त्याचा जावई. आणि बसचा ड्रायव्हर, त्यानं बस थांबवून ठेवली तेवढा वेळ. सहा झाले ना? तुमच्यात सहा लागतात, मार्टिननं आम्हाला सांगून ठेवलं होतं.

ओमा बाहेर मार्टिनच्या कबरीजवळच्या दगडावर बसल्या. मी पाण्याची बाटली दिली, ती नुसती धरून ठेवली. परत येताना हंगेरीत पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, सुमन, पाटी दारांची आहे. माणसांची नाही. मी विसरले होते.

न्युरेम्बर्गला आल्यावर दुसऱ्याच दिवशी लीनाच्या वाढदिवसाची चिठ्ठी पाटीत खोवली आणि स्वतः खाली गेल्या, कठडा धरून धरून, मी मागं. आंकानं दार उघडलं. आणि ओमांनी तिच्याशी रोमानियन सुरू केलं! फाडफाड. चार वर्षं ती दोघं खाली बाल्कनीत बसून बोलत होती, त्यांना वाटायचं वरच्या म्हातारीला काय कळतंय, आणि ओमांना शब्द न् शब्द कळत होता. ओमांनी विचारलं, तुझ्या नवऱ्याची पाठ कशी आहे आता? आणि तुझ्या नणंदेनं ती खोली सोडली का? आंकाचा चेहरा बघायला हवा होतास. आतनं डोरू आला, लाल लाल झालेला. म्हणाला, बाई, मी तुम्हाला म्हातारी घुबड म्हणालो होतो. ओमा म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर, तीन वेळा. आता पाटी धर, अनिकेतकडं दे, रात्रभर ठेवू नकोस.

असं ते सुरू झालं. बासिल आधी बिचकला, त्याला वाटलं घर खाली करायची नोटीस आहे. अनिकेत मला म्हणाला, काकू, याचा व्हॉट्सॲप ग्रुप का नाही करत? म्हटलं, करा की, पण ग्रुपवर दार उघडावं लागत नाही. एकदा मिशला वाटलं पाटी जुनी झालीय, घासून पॉलिश करू. ओमांनी त्याच्या हातातनं काढून घेतली. रेषांतली हळद जाईल म्हणाल्या.

ओमा गेल्या नोव्हेंबरात गेल्या. घरीच, दुपारी, मी पाय चेपत होते. पंच्याऐंशीच्या झाल्या होत्या, चांगलं झालं. मी तासाभरात चिठ्ठी लिहिली, माझ्या अक्षरात, सगळ्यांना वाचता येईल अशी, आणि पाटी डोरूच्या दारात दिली. मिश सोफ्यावर बसून मोजत होता, अगदी आईसारखा. झाक्सन दोन उरलेत, एकाचा गुडघा बदललेला, पण येईल. डोरू. बासिल. अनिकेत. पाच. सहावा नाही. पाच जणांनी पेटी एका अंगाला झुकते गं, आणि मला ते रोझी बाईंचं फाटकाशी उभं राहणं आठवत होतं.

त्या दिवशी सकाळी आम्ही फाटकाशी उभे. थंडी अशी की बोलताना वाफ. आणि अनिकेतबरोबर त्याचे वडील आले, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले, कानटोपी, आतनं दोन स्वेटर. मी म्हटलं, काका, तुम्ही कशाला, इतक्या थंडीत. तर म्हणाले, अहो ताई, खांदा द्यायला कुणी बोलवायचं असतं का? शेजारी आहोत ना आम्ही. आणि गेले की पुढं, पेटी खांद्यावर घ्यायला वाकले. डोरूनं त्यांचा हात धरून हळूच कडीवर ठेवला, इकडं हातानं धरून नेतात. काकांनी मान डोलावली. एका बाजूला काका, बासिल, गुडघेवाले म्हातारे, दुसऱ्या बाजूला डोरू, अनिकेत आणि दुसरे झाक्सन. सरळ गेली बघ पेटी. जरासुद्धा झुकली नाही. मी मोजलं नाही, मिशनं पण नाही. मोजायला लागलंच नाही.

नंतर सगळे इथं जेवायला होते, त्यांच्यात त्या जेवणाला अश्रूंची भाकरी म्हणतात, पण रडलं फारसं कुणी नाही. आंकानं कोबीचे रोल आणले, काकांनी दोन खाल्ले आणि तिसरा हातात घेऊन विचारलं, ताई, यात मांस नाही ना? आता काय सांगायचं? मी म्हटलं, ओमांच्या नावानं खाल्लंत, त्या बघून घेतील.

तर मी बरी आहे. पाटी आता माझ्याकडं असते, देवघरात नाही, दाराशेजारी खुंटीला. मिश दोन वर्षांनी रिटायर होईल, लीना लाइपझिगला शिकते, तिकडं म्हणते जिन्यात कुणी कुणाला ओळखत नाही. फ्लोरिका अजून घंटा वाजवते, नाताळला फोन आला होता, मागं बदकांचा आवाज.

आणि तू. परवा पाटी तुझ्या दाराशी आली, बैठकीची चिठ्ठी होती नुसती, कुणी मेलं बिलं नव्हतं, आणि तू साखळी लावूनच हात बाहेर काढलास म्हणे, अनिकेत सांगत होता. पुढचं दार बासिलचं, तिथं सकाळी पोचली. म्हणजे रात्रभर तुझ्याकडं होती. लाजू नकोस, मला कळतंय, अनोळखी दाराची बेल वाजवायला धीर होत नाही. मी तर पाच रात्री ठेवली होती. पण दंड तो दंड. शनिवारी ये, शंकरपाळ्यांचं पीठ मी भिजवून ठेवते, लाटायच्या आणि कातायच्या तू, तळीन मी. आणि बासिलची बेल जरा जोरात दाबावी लागते, त्याच्या बाथरूमचा पंखा फार वाजतो. पुढच्या वेळी लक्षात ठेव. सुखी राहा, बाळ.